दहाव्या जागेवरचा दगड

सकाळचे पावणेसात वाजले होते. बागानची गाडी सातला सुटणार होती, आणि मंडळी मोजून नऊ होती. झेयाने बोट नाचवत पुन्हा मोजली. तरी नऊच.

"दहावं कोण राहिलं?"

"दुसरं कोण असणार? थिरी!" लिन म्हणाला. "राणीसाहेब अजून अंथरुणात लोळत असतील."

युझानाने थिरीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आता, नऊ जणांनी मिळून प्रवासाला निघायचं नाही, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. आठ जा, दहा जा, वीस जा, पण नऊ नाही. वाटेत काहीतरी वाईट घडतं. काय घडतं ते विचारायचं नसतं. यांगोनच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणारी पोरं ही, एरवी आजीआजोबांच्या समजुतींची टर उडवणारी, पण नऊचा आकडा ऐकून एकेकाची तोंडं उतरली.

"मग काय, दगड आणा," झेया म्हणाला.

याला उपाय तेवढाच आहे. नऊ जण असले की एक दगड उचलायचा, त्याला दहावा माणूस म्हणायचं आणि बरोबर न्यायचं. बहुतेक लोक खिशात मावेल असा खडा घेतात. पण लिन कसला ऐकतोय! तो स्टँडच्या मागे गेला आणि सोललेल्या नारळाहून चांगला मोठा, तांबडा, ओबडधोबड धोंडा पोटाशी धरून धापा टाकत आला.

"एवढा मोठा?"

"थिरीच्या मापाचा नको? तिच्या तिकिटावर बसणार आहे तो. पैसे वसूल झाले पाहिजेत."

हशा पिकला. युझानाने पर्समधून थनाख्याची डबी काढली, जो लेप पोरी रोज गालांना फासतात तोच, आणि दगडाला दोन डोळे, एक नाक, दोन्ही गालांवर दोन गोल टिळे काढले. लिनने आपली टोपी त्याच्या डोक्यावर चढवली. झेयाने वही उघडून खरोखरची हजेरी घ्यायला सुरुवात केली. नावं होत होत दहाव्यावर आली.

"थिरी?"

कुणी उत्तर द्यायच्या आत नंदारच्या तोंडून निघून गेलं, "हजरऽऽ! थांबा ना गं, केस तरी विंचरू द्या!"

हुबेहूब थिरी. तोच लाडिक हेल, तोच शेवटी वर गेलेला आवाज. क्षणभर सगळे चाट पडले आणि मग असे हसले की शेजारच्या गाडीतली माणसं खिडकीतून वाकून बघायला लागली. लिनने तर नंदारच्या पाठीत धपाटा घातला. "अगं बये! तुला हे येतं? दोन वर्षं लपवून ठेवलंस होय?"

नंदारही हसली. पण सगळ्यांच्या आधी थांबली. कारण थिरी का आली नाही, हे त्या नऊ जणांत एकटीला तिलाच माहीत होतं.

झालं होतं असं. तिकिटं नंदारने काढली होती, म्हणून तिकीट खिडकीवर तिचा नंबर होता. आदल्या दिवशी संध्याकाळी तिथून फोन आला की थडिंज्युतच्या सणाची गर्दी फार आहे, आठला दुसरी जादा गाडी सोडतोय, तुमची आठची सातलाच सुटेल. वसतिगृहातल्या सगळ्यांना तिने तोंडीच सांगितलं. थिरी तेवढी तान्लिनला मावशीकडे गेली होती, तिथे इंटरनेट धड चालत नाही, फोनच करावा लागतो. झेयाने विचारलं, "थिरीला कळवतेस ना?" ती म्हणाली, "कळवते." जिन्यात उभं राहून तिने फोन लावलासुद्धा. एकदा वाजला, दोनदा वाजला, तीनदा वाजला. आणि तिच्या अंगठ्याने फोन बंद केला.

पुन्हा लावीन, असं ती स्वतःला म्हणाली. जेवल्यावर. मग आंघोळ झाल्यावर. मग बॅग भरून झाल्यावर. मग म्हणाली, आता उशीर झाला, मावशी झोपल्या असतील. खोटं! तिला सगळं कळत होतं. तीन दिवस, फक्त तीन दिवस, तिला थिरीशिवाय हवे होते.

दोघी एकाच गावच्या, खाली त्रिभुज प्रदेशातल्या प्यापोनच्या, दोन वर्षं एका खोलीत राहणाऱ्या. थिरी चार महिन्यांनी मोठी, आणि ते चार महिने ती चाळीस वर्षांसारखे मिरवायची. "मोठ्या बहिणीचं ऐकावं," असं म्हणत नंदारच्या ताटातली मासोळी उचलायची. थिरी बोलली की लोक हसायचे, थिरी आली नाही की लोक विचारायचे. नंदारला मात्र कुणी नंदार म्हणून ओळखतच नव्हतं. ती थिरीची रूममेट. पंधरा दिवसांपूर्वी मेसमध्ये थिरीने तिची नक्कल केली होती, रोज रात्री ती आईशी फोनवर कशी बोलते त्याची. "हो आई. जेवले आई. नाही आई, पावसात नाही भिजले आई." सगळी मेस लोळली. तेव्हापासून लिन तिला 'हो आई' म्हणायचा. नंदारही तेव्हा सगळ्यांबरोबर हसली होती. मग खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती.

तर आता गाडी निघाली. दगडाची जागा खिडकीपाशी, नंदारची त्याच्या शेजारी. तो दिसावा म्हणून लिनने नंदारची बॅग सीटवर उभी करून तो त्या बॅगेवर बसवला. थनाख्याचे ते दोन डोळे नेमके नंदारकडे वळलेले. तिने तो खिडकीकडे वळवला. गाडी खड्ड्यात गेली की तो पुन्हा फिरून तिच्याकडे बघायला लागायचा.

आठ वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांचे फोन एकदम टुणकले. ग्रुपवर थिरीचा निरोप: 'आठच्या गाडीत आहे. मागून येतेय.'

बस्स. शिव्या नाहीत, रडणारे चेहरे नाहीत, 'मला सोडून गेलात मेल्यांनो' नाही. थिरीसारखी पोरगी, जी साधं 'भूक लागली' हे पाच ओळींत लिहिते, तिने दोन वाक्यांत आटपलं होतं. नंदारने ती दोन वाक्यं दहा वेळा वाचली.

"उठल्या एकदाच्या!" लिन ओरडला. "हिला लग्नाच्या दिवशीसुद्धा दगडच पाठवावा लागणार."

झेया सीटवरून मागे वळला. "नंदार, तू सांगितलं होतंस ना तिला? सातची गाडी म्हणून?"

आता बोलली असती तर तिथेच संपलं असतं. जरा बोलणी खाल्ली असती, एवढंच. पण तिच्या तोंडून आलं, "हो. सांगितलं होतं की."

"मग काय! आपली काही चूक नाही," झेया म्हणाला आणि पुढे वळला.

त्यानंतर नंदारला काही सुचेना. महामार्गावर गाडी सुसाट चालली होती, दोन्हीकडे पिवळट हिरवी भातशेतं, टीव्हीवर कुणीतरी मोठ्याने विनोद करत होतं. युझाना सूर्यफुलाच्या बिया वाटत होती. नंदारने मूठभर घेतल्या आणि एकही न खाता तशाच धरून बसली. थिरी पोहोचली की पहिलं वाक्य काय बोलेल? 'मला कुणी सांगितलंच नाही.' मग सगळे आपल्याकडे बघतील. आणि झेया म्हणेल, 'पण तू तर म्हणालीस...' तिने घड्याळ पाहिलं. मग पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं. दगड फिरला होता. तिने अंगातला स्वेटर काढला आणि टोपीसकट दगडावर नीट पांघरून टाकला. आता लांबून कुणी अंग मुडपून झोपल्यासारखं दिसत होतं. निदान ते डोळे तरी झाकले गेले.

दहाच्या सुमाराला एकशेपंधरा मैलाचा थांबा आला. उत्तरेकडे जाणारी प्रत्येक गाडी इथे थांबते, सुट्टीच्या दिवसांत तर मुंगीलाही वाट मिळत नाही. "अर्धा तास!" क्लीनर ओरडला. पोरं धावत सुटली, कुणी शेवयांच्या दुकानाकडे, कुणी संडासाच्या रांगेकडे. नंदार सगळ्यांत मागे उतरली आणि दुकानांच्या पाठीमागे, पाण्याच्या टाक्यांपाशी गेली. तिने ठरवलं होतं. थिरी इतरांना भेटायच्या आधी तिला फोनवर सगळं सांगून टाकायचं. काय म्हणायची ती म्हणू दे.

फोन लागेना. 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती...' थिरीची गाडी अजून रानातून येत असणार. पुन्हा लावला. पुन्हा. काल तीन घंट्या झाल्या तेव्हा बंद केला, आणि आज एक घंटी ऐकायला मिळेना. ती टाक्यांभोवती फेऱ्या मारत राहिली, काय बोलायचं त्याची मनात जुळवाजुळव करत. 'थिरी, ऐक, माझं चुकलं.' छे. 'थिरी, तू मला मेसमध्ये...' तेही नको. तिकडे भोंगे वाजत होते, पण तिथे सतत वीस गाड्यांचे भोंगे वाजतच असतात.

इकडे गाडीत क्लीनर दारात उभा राहून विचारत होता, "कॉलेजवाले! सगळे आले का?"

झेया उठून मोजायला लागला. लिन, युझाना, पुढचे तिघे, मागच्या दोघी, तो स्वतः, आणि खिडकीपाशी स्वेटर ओढून झोपलेली नंदार. "नऊ! सगळे आले, चला."

सकाळपासून तो नऊ म्हणत होता, नऊ बरोबर आले, गडी खूश झाला. त्या नऊंत एक दगड आहे, हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यातही आलं नाही.

नंदार धावत पुढे आली तेव्हा गाडीच्या जागी दुसरीच गाडी उभी होती. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या गाड्या पाहिल्या. मग परत पाहिल्या. तिच्या हातात फोन आणि छोटी पर्स, अंगावर पातळ सदरा, बस्स.

फोन वाजला. तिने न बघताच कानाला लावला. "थिरी?"

"कसली थिरी! मी झेया! अगं तू आहेस कुठे?"

"तुम्ही कुठे आहात?"

"आम्ही निघालो! दहा मैल आलो! युझानाने तुला उठवायला स्वेटर ओढला तर खाली दगड! अगं, आम्ही दगड मोजला!" झेया रडकुंडीला आला होता. मागून युझानाचा आवाज येत होता, "तरी मी म्हणत होते, नऊ जण नकोत, नकोत!" झेया म्हणाला, "गाडी मागे नाही वळत गं या रस्त्यावर. मी ड्रायव्हरदादांच्या पाया पडलो. ऐक, मागच्या गाडीत थिरी आहे ना? क्लीनरने त्या गाडीला कळवलंय. तुला तीच घेऊन येईल. तू तिथून हलू नकोस. थिरी येतेय."

थिरी येतेय. एरवी हे ऐकून कुणाचाही जीव भांड्यात पडला असता. नंदार मात्र शेवयांच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर जाऊन बसली.

समोर एक गाडी यांगोनच्या दिशेने उभी होती आणि तिचा क्लीनर दाराला लोंबकळून ओरडत होता, "यांगोन! यांगोन! दोन जागा! ताई, यांगोन?" ती उठली. खरोखर उठली. दोन पावलं गेलीसुद्धा. खोलीत जाऊन दार लावून घ्यायचं, तब्येत बिघडली म्हणायचं, तीन दिवस कुणाचं तोंड बघायला नको. शेवयांच्या दुकानातली बाई तिच्याकडे बघत होती. "तुझी गाडी आहे का ती, पोरी?"

"नाही मावशी," नंदार म्हणाली. "माझी मागून येतेय."

आणि बसली परत.

थिरीची गाडी आली तेव्हा अकरा वाजत आले होते. सगळ्यांत आधी थिरीच उतरली. खांद्यावर बॅग, दोन्ही हातांत एक भलंमोठं कापडी गाठोडं. नंदारला बघून ती थबकली.

"तू इथे कशी?"

"गाडी गेली. मला सोडून." नंदार म्हणाली. "त्यांनी दगड मोजला. माझ्या जागी."

थिरी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. अशी हसली की गाठोडं खाली ठेवावं लागलं. आणि मधेच, कुणी बटण दाबावं तसं, तिचं हसू बंद झालं. "चल," ती म्हणाली. "चहा पिऊ. अर्धा तास आहे."

चहा पिताना ती गाठोड्याची गाठ पुन्हा पुन्हा आवळत राहिली. नंदारचा चहा निवून गेला.

गाडी गच्च भरलेली. थिरीची जागा मागून दुसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला. नंदारसाठी क्लीनरने वाटेत एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल टाकलं. इतकं बुटकं, की तिचं डोकं थिरीच्या कोपराशी येत होतं. गाडी निघाली, आणि आता पळायला जागाच उरली नाही तेव्हा नंदार बोलली.

"मी काल तुला फोन केला होता."

"माहीत आहे. तीन वेळा वाजला." थिरी समोर बघत होती. "माझे दोन्ही हात तेलात होते. मावशी आणि मी कोंबडी तळत होतो, दहा जणांची. पुसून येईपर्यंत बंद झाला. तेवढ्यात वीज गेली आणि फोनही मेला. म्हटलं, महत्त्वाचं असेल तर परत करेल."

"थिरी, गाडी सातची झाली होती. मी..."

"तेही माहीत आहे. तिकीट खिडकीवरच्या माणसाने सांगितलं. 'नंदार नावाच्या मुलीला कालच कळवलं,' म्हणाला."

नंदारने मान खाली घातली. थिरी शांतपणे पुढे म्हणाली, "पण ते मी त्याला नंतर विचारलं. आधी तुम्ही दिसलात मला. काका बाजाराच्या ट्रकमधून सकाळी लवकर निघाले, त्यांनी मला सातच्या आधीच स्टँडवर सोडलं. मी म्हटलं, बघा, आज थिरी सगळ्यांच्या आधी! तर गाडीपाशी तुम्ही सगळे. मी मागून आले, म्हटलं, भॉक करावं. आणि झेया म्हणाला, 'थिरी?'"

नंदारने झटकन मान वर केली.

"'हजरऽऽ! थांबा ना गं, केस तरी विंचरू द्या!'" थिरीने स्वतःचाच आवाज काढला, नंदारने काढला होता अगदी तसा. "छान काढतेस गं. मलाच दोन क्षण वाटलं, आपण बोललो की काय. सगळे किती हसले! आणि मी गाडीच्या मागे उभी, हातात हे गाठोडं. पुढे येऊन काय म्हणणार होते? 'माफ करा, दगडाला उठवा, मी आले'?"

"तू तिथे होतीस?"

"गाडी सुटेपर्यंत. मला वाटलं, आता तरी तू म्हणशील, थांबा, मी तिला एकदा पुन्हा फोन करते. फोन बंद होता, पण ते मला कुठे आठवत होतं. मी आपली मेलेला फोन हातात धरून उभी. तो चार्ज केला तो तुमची गाडी गेल्यावर, स्टँडवरच."

नंदार रडायला लागली. पलीकडच्या सीटवरच्या आजीबाईंनी मान वळवली, मग भलं सौजन्य दाखवत खिडकीबाहेर बघितलं. नंदार रडत रडतच बोलत सुटली, मेसमधली नक्कल, 'हो आई', थिरीची रूममेट, तीन दिवस, जिना, अंगठा, सगळं, काही राखून न ठेवता. गाडीत झेयाला खोटं सांगितलं तेही.

थिरीने आता पहिल्यांदा तिच्याकडे वळून बघितलं. मग म्हणाली, "'हो आई'चं तुला एवढं लागलं?"

"लागलं."

"मग बोलायचंस की. हसत कशाला होतीस माझ्याबरोबर?" तिने नाक ओढलं. "दोन वर्षं रोज रात्री ऐकते मी ते. पाठ झालंय. पावसात भिजलीस का, असं मला कोण विचारतं? मावशी विचारते, पैसे पुरतात का. तू बोलायला लागलीस की मी दिवा मालवून गप पडते आणि ऐकते. ते तोंडात बसलंय माझ्या. नक्कल म्हणून नाही केली मी."

थिरीची आई ती सात वर्षांची असताना गेली, हे प्यापोनमध्ये सगळ्यांना माहीत होतं. नंदारलाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. ती त्या बुटक्या स्टुलावर बसून राहिली. थडिंज्युतचे दिवस, घरोघरी धाकटी माणसं थोरांपुढे गुडघे टेकून चुकलंमाकलं माफ करा म्हणत असतात. गुडघे टेकायला तिथे जागा नव्हती. तिने बसल्या जागीच हात जोडले आणि डोकं थिरीच्या सीटच्या कडेला टेकवलं.

"काय करतेयस?"

"तू चार महिन्यांनी मोठी आहेस ना."

"ऊठ. लोक बघतायत." थिरीने तिला कोपराने ढकललं. "आणि मी अजून रागावलेली आहे. पाया पडून भागणार नाही. कळलं?"

"कळलं."

पुढे पाच तासांचा रस्ता होता. एकदा थिरीने पाण्याची बाटली पुढे केली, तेवढंच. नंदारची कंबर मोडून गेली होती, पाय मुंग्यांनी भरले होते, पण तिला झोप येत नव्हती. कबूल तर केलं होतं. पण ते एकट्या थिरीपाशी.

बागानसाठी उतरायचं असतं त्या न्याउंग-उच्या स्टँडवर गाडी शिरली तेव्हा उन्हं उतरली होती. आठही जण दाराशीच उभे होते, आणि लिनने तो दगड काखेत धरला होता. नंदार उतरताच झेयाने तिचे दोन्ही हात धरले. "आईशप्पथ माफ कर! मी स्वेटर मोजला गं, माणूस नाही!" युझाना दोघींच्या गळ्यात पडली. लिनने थिरीकडे बघून डोळे वटारले. "काय राणीसाहेब! झाली का झोप? तुमच्यामुळे हे सगळं रामायण. तुम्ही वेळेवर उठला असता तर दगड लागलाच नसता!"

थिरीने एकदा तिच्याकडे बघितलं. मग खांदे उडवले आणि आपल्या नेहमीच्या लाडिक आवाजात म्हणाली, "लागली झोप, काय करू? मावशीकडची गादी फार मऊ!"

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" लिन ओरडला. सगळे हसले. झेया हसला, युझाना हसली. झालं, मिटलं. नंदारने गप्प राहायचं होतं फक्त. उभं राहायचं, आणि थिरीने आपल्यासाठी वाटलेलं ते हसू सगळ्यांबरोबर हसायचं. मेसमध्ये हसली होती तसं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"तिला झोप लागली नव्हती. ती सातच्या आधी स्टँडवर आली होती. मी तिला वेळ सांगितलीच नव्हती. फोन लावला आणि तिसऱ्या घंटीला बंद केला, मुद्दाम. झेया, मी तुला खोटं सांगितलं." ती आता सगळ्यांकडे वळली. "आणि आपण हजेरी घेतली तेव्हा ती गाडीच्या मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं."

लिनने दगडावरची टोपी काढून हातात घेतली. युझाना थिरीकडे बघायला लागली, मग जमिनीकडे. दगडाच्या गालांवर थनाखा तिनेच लावला होता. झेया शेवटी नंदारला म्हणाला, "असं कसं केलंस गं तू?" त्यात राग कमी आणि नवल जास्त होतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

मुक्कामाच्या घरापर्यंत नेणारा टेम्पोवाला केव्हाचा ताटकळला होता. "पोरांनो, किती जण?"

झेयाने बोट उचललं आणि खाली घेतलं. आज दिवसभरात मोजून मोजून त्याचा मोजण्यावरचा विश्वासच उडाला होता.

"दहा," थिरी म्हणाली. "दहा माणसं. आणि कोंबडीचे दहा पुडे. निवून दगड झालेत. चला आता, मला भूक लागलीय."

लिनने सुटकेचा श्वास टाकला आणि दगड रस्त्याच्या कडेला ठेवायला वाकला. "मग हे ध्यान इथेच सोडतो. काम झालं त्याचं."

"सोडतोस काय? आण इकडे." थिरीने गाठोडं युझानाच्या हातात दिलं, लिनकडून दगड घेतला आणि सरळ नंदारच्या पोटाशी टेकवला. नंदारने तो दोन्ही हातांनी झेलला. भलताच जड होता. "हा तू धरायचा. तीन दिवस. ज्या ज्या पागोड्यात जाऊ तिथे. जिना असो, चढ असो. मी सांगेपर्यंत खाली ठेवायचा नाही."

"तीन दिवस?"

"आणि नीट वाग त्याच्याशी. माझ्या नावाचा आहे, म्हणजे तुझ्याहून चार महिन्यांनी मोठा."

लिन हसला, पण अर्धवटच. हसावं की नाही, ते त्याला कळेना. टेम्पोत दाटीवाटीने सगळे बसले. थिरी नंदारच्या शेजारी बसली नाही, समोर बसली, आणि कोंबडीचे पुडे वाटायला लागली. एक झेयाला, एक लिनला, सगळ्यांना. दहावा पुडा तिने नंदारपुढे धरला. नंदारचे दोन्ही हात दगडाखाली गुंतले होते. ती पुड्याकडे बघत राहिली. थिरीने एक उसासा टाकला, पुडा सोडला, कोंबडीचा एक तुकडा तोडला आणि तिच्या तोंडापुढे धरला.

"जेवलीस का दुपारी?" तिने विचारलं.

नंदारने मान हलवली. नाही म्हणून.

"मग खा."

टेम्पो हलला. दगडाच्या कडा नंदारच्या मांडीत रुतत होत्या, हात आत्ताच भरून यायला लागले होते, आणि अजून तीन दिवस होते. तिने तो खाली ठेवला नाही.